लोअरिंग स्प्रिंग बसवताना: मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज छत्रपती संभाजीनगरात आहे. शॉकअप, स्प्रिंग, लोअर आर्म, बुश, अलाइनमेंट एवढंच काम आम्ही करतो. इंजिन उघडत नाही. एमएच २० पासून एमएच २६ पर्यंत आणि हिंगोलीच्या ३८ च्या गाड्यासुद्धा येतात, आणि फोनवर सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, गाडी लय उंच दिसलाली, खाली करायची हाय, किती लागतील?" पैशांचं उत्तर गाडी बघून मिळेल. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. वाचून मग फोन करा, म्हणजे तुमचा आणि माझा दोघांचाही वेळ वाचेल.

लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा नेमकी वेगळी कशी असते?

ती उंचीला कमी असते आणि जास्त ताठ असते. उंची कमी केली पण ताठरता वाढवली नाही, तर गाडी पहिल्याच खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे स्प्रिंगची दबायची जागा संपली की धक्का झेलणाऱ्या रबरावर आदळेल. म्हणून चांगले उत्पादक दोन्ही गोष्टी एकत्र ठरवतात. ताठरता येते तारेच्या जाडीतून, वेढ्याच्या व्यासातून आणि वेढ्यांच्या संख्येतून. यात तारेच्या जाडीचा हिशोब चौथ्या घाताने चालतो. १२ मिलिमीटरची तार १३ ची केली, तर ताठरता सुमारे ३८ टक्क्यांनी वाढते. डोळ्यांना तो एक मिलिमीटर दिसतही नाही, म्हणून हातात घेऊन "सारखीच तर आहे" म्हणू नका.

काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकाला जवळजवळ असतात. त्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणतात. वजन वाढलं की जवळचे वेढे एकमेकांना टेकतात, कामाचे वेढे कमी होतात आणि स्प्रिंग ताठ होत जाते. एकटे चालवताना जरा मऊ, पाच जण बसले की कडक. आपल्याकडे गाडी सहसा रिकामी धावत नाही, त्यामुळे मला हा प्रकार पटतो.

गाडी किती खाली घ्यावी?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. माझं उत्तर २५ मिलिमीटर. फार तर ३०. त्यापुढे हट्ट असेल तर आधी एक काम करा: तुमच्या गावच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट ब्रेकर टेपने मोजून या.

हिशोब सांगतो. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, १६३ मिमी आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,४५० मिमी आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. एवढ्या रुंद उंचवट्यावर गाडी मधोमध आली की पुढची-मागची दोन्ही चाकंही त्याच उतारावर असतात, त्यामुळे पोटाखाली फक्त साडेचार सेंटीमीटर जागा लागते. असा ब्रेकर तुम्ही ४० मिमी खाली घेतलेल्या गाडीनेही आरामात पार कराल.

अडचण नियमातल्या ब्रेकरची नाही, रातोरात झालेल्या ब्रेकरची आहे. गावात एखादा अपघात होतो, लोक चिडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर डांबराचा किंवा मुरमाचा बांध उभा असतो. हातभर रुंद, वीतभर उंच. त्यावर चाकं दोन्ही बाजूंना जमिनीवर असतात आणि बांध पोटाखाली, म्हणजे त्याची पूर्ण उंची तुमच्या क्लिअरन्समधून वजा. १५ सेंटीमीटरचा बांध असेल तर मूळ उंचीची रिकामी स्विफ्ट जेमतेम सुटते. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी साधारण तीन-चार सेंटीमीटर बसते. मग मूळ गाडीही खालून लागते. ३५ मिमी खाली घेतलेली तर विचारूच नका.

म्हणून टेप घेऊन जाताना गाडीत घरची माणसंही घ्या. रिकाम्या गाडीवर ठरवलेली उंची तुळजापूरला सहकुटुंब निघालात की त्याच दिवशी खोटी ठरते.

घासू नये म्हणून ब्रेकरवर गाडी तिरकी घातली तर?

चालतं, मीही घालतो. तिरक्या गाडीची चाकं एकेक करून चढतात आणि पोट थोडं कमी अडकतं. पण ऊसतोडीच्या हंगामात मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत असताना रस्ता अडवून तिरकं होणं म्हणजे त्या ड्रायव्हरच्या शिव्या खाणं. आणि कायम तिरकी घालावी लागत असेल, तर गाडी जरुरीपेक्षा खाली घेतली आहे.

यात फक्त दिसणं सुधारतं, की चालवायलाही फरक पडतो?

खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक दिसण्यासाठीच येतं. चाक आणि मडगार्डमधली चार बोटांची फट त्यांना सहन होत नाही. त्यात लाजायचं काही नाही.

चालवण्यातला फरकही खरा आहे. दौलताबादच्या किल्ल्यापाशी वेशीतून बाहेर पडून खुलताबादच्या घाटाला लागलात की वळणावर गाडी कमी कलते, स्टिअरिंग फिरवल्याबरोबर नाक वळतं. गुरुत्वमध्य खाली आला आणि स्प्रिंग ताठ झाली, त्याचा हा परिणाम. कन्नडच्या औट्रम घाटातही हेच जाणवेल.

पण समृद्धी महामार्गासाठी गाडी लो करायची म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, तिथे वळणं आहेत कुठे? १२० च्या वेगमर्यादेत सरळ काँक्रीटवर २५ मिमीने फारसं काही बदलत नाही. तिथे टायर आणि अलाइनमेंट नीट असणं जास्त महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच उभा खांब. यात गाडी जास्त खाली गेली की लोअर आर्म चाकाकडून आत उतरता होतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली जातो. म्हणजे ५०-६० मिमी खाली घेतलेली गाडी दिसते रेसची, पण वळणावर कलण्याची तिची ओढ उलट वाढते आणि ती फक्त स्प्रिंगच्या ताठपणामुळे दाबून धरलेली असते. २५-३० मध्ये ही गडबड होत नाही.

किटवर एवढा खर्च कशाला? मूळ स्प्रिंगचा एक-दीड वेढा कापला तर?

हा प्रयोग मी स्वतः केला आहे. तेविसाव्या वर्षी, सेकंडहँड हॅचबॅक, खिशात पैसे नाहीत. एका गॅरेजवाल्याने गॅस कटर लावून चारही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे उडवले, तासाभरात गाडी जमिनीला टेकली आणि मी खूश. पुढच्या आठवड्यात बीडला मामाच्या मुलीचा साखरपुडा होता. आडूळच्या अलीकडे एका ब्रेकरवर खालून असा आवाज आला, की मागे बसलेली मावशी "अगं बाई!" म्हणून उठूनच बसली. चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, बोटभर चीर. ऑइलचा दिवा लागताच गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी गावात नेली, साखरपुड्याला जीपने पोहोचलो, तेही जेवणाच्या वेळी. मामा म्हणाला, "गाडी आणली होतीस की पाटा-वरवंटा?"

चूक कुठे होती ते आता सांगतो. सहा कामाच्या वेढ्यांतले दीड कापले की ताठरता तेहेतीस टक्क्यांनी वाढते, तेही मोजूनमापून नाही, कटर जिथे लागला तिथे. स्प्रिंगचं खालचं टोक बशीत बसण्यासाठी खास वळवलेलं असतं, ते गेलं की स्प्रिंग बशीत फिरते, कडेला सरकते. त्याहून वाईट म्हणजे गाडी जॅकवर घेतली किंवा खड्ड्यात चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग सैल पडते आणि बशीतून बाहेर यायला तिला मोकळी वाट मिळते. आणि गॅसने दिलेली उष्णता. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला कडक केलेलं असतं. कटरच्या ज्योतीजवळ ते कडकपण जातं, तिथे पोलाद ठिसूळ तरी होतं नाहीतर मऊ तरी.

एक जण म्हणाला होता, "जालन्यात एवढं लोखंड बनतं, तिथून घेऊ की नवीन." जालन्याच्या सळईवर ५०० लिहिलेलं असतं, म्हणजे ५०० मेगापास्कलपर्यंत ती वाकून परत सरळ होते. स्प्रिंगच्या तारेची ताकद दीड हजारांच्या वर असते. घराच्या स्लॅबसाठी सळई उत्तमच, पण तिची स्प्रिंग केलीत तर पहिल्या दाबात ती जशी दबेल तशीच राहील.

स्प्रिंग गरम करून दाबून बुटकी करतात म्हणे?

नको. कापण्याचेच सगळे दोष, आणि वर दोन्ही बाजू सारख्या बसत नाहीत. असं काम आमच्याकडे करून मिळणार नाही, ओळखीचे असलात तरी.

शॉकअपही बदलावे लागतात का?

पन्नास हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली गाडी असेल तर हो, आणि स्प्रिंगबरोबरच. उघडलेलं काम पुन्हा उघडायची मजुरी कशाला भरायची?

कमी चाललेल्या गाडीला २५ मिमी खाली घेताना मूळ शॉकअप चालवून घेता येतात, पण त्यांचं आयुष्य कमी होणार हे धरून चाला. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगची उसळी आवरण्यासाठी बनलेला असतो. ताठ स्प्रिंग जास्त जोराने उसळते आणि तो तिला पुरा पडत नाही. ब्रेकरनंतर गाडी एकदा बसून थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलत राहिली, तर शॉकअपने हात टेकले आहेत.

दुसरी गोष्ट स्प्रिंगच्या प्रवासाची, म्हणजे तिला दबायला किती जागा आहे त्याची. समजा मूळ स्प्रिंगला दर मिलिमीटर दबायला २.२ किलो लागतात आणि बंप स्टॉपपर्यंत ८० मिमी जागा आहे. म्हणजे खड्ड्याचा १७६ किलोपर्यंतचा जास्तीचा जोर ती एकटी झेलते. आता ३५ मिमी खाली घेतलं, स्प्रिंग २.८ ची झाली, जागा उरली ४५. गुणाकार करा: १२६ किलो. स्प्रिंग ताठ असूनही गाडी आधीपेक्षा लवकर रबरावर आदळते. "कंपनीची स्प्रिंग टाकली तरी धक्के बसलालेत" ही तक्रार इथूनच येते. काही किटांसोबत आखूड बंप स्टॉप येतात ते त्यासाठीच, फेकून देऊ नका. आखूड दांड्याचे शॉकअप घेतले, बिल्स्टाइनचे बी८ आहेत तसे, तर स्प्रिंगचा ताण चाक लोंबकळतानाही कायम राहतो. त्यांची किंमत मात्र स्प्रिंगांपेक्षा जास्त असते, हे आधीच सांगतो.

कोणत्या कंपनीची स्प्रिंग घेऊ?

आयबाख आणि एच अँड आर जर्मन, टाइन जपानी, कोब्रा दक्षिण आफ्रिकेची. सगळ्या चांगल्या आहेत. पण कंपनीपेक्षा तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी, इंजिनासाठी आणि सालासाठी बनलेला भाग क्रमांक बघा. डब्यावर नुसतं गाडीचं नाव बघून घेतलेल्या स्प्रिंगांनी आमचा बराच वेळ खाल्ला आहे. बिनानावाच्या लाल-पिवळ्या रंगाच्या स्प्रिंगा स्वस्त मिळतात. त्या वर्षभरात आणखी एक सेंटीमीटर बसतात आणि कधी फक्त डावीकडे बसतात.

स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जोडल्या गेलेल्या जुन्या ऑक्टाव्हिया आपल्या शहरात अजून जपलेल्या आहेत. त्यांचे मालक हौशी, बाहेरून किट मागवतात. त्यांना एवढंच सांगणं, की गाडी वीस वर्षांची असेल तर आधी बुश, माउंट आणि बेअरिंग बघून घ्या. कुजलेल्या रबरावर नवी स्प्रिंग टाकून उपयोग नाही.

डिझेलची गाडी आहे. पेट्रोलचं किट स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

नका घेऊ. डिझेलचं इंजिन जड असतं. पेट्रोलच्या स्प्रिंगवर नाक ठरल्यापेक्षा खाली जाईल, आणि सगळ्यात आधी जमिनीला लागतो तो नाकाखालचा चेंबरच.

आणि सीएनजी?

डिकीतली टाकी मागची बाजू कायमची दाबून ठेवते, म्हणजे कोणीतरी एक माणूस सदैव मागे बसल्यासारखं. अशा गाडीला चारही बाजूंना सारखं खाली घेतलं, तर मागून ती बसकी दिसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. गॅसची नळी पोटाखालून जाते, ती कुठून जाते ते लिफ्टवर घेऊन बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही. बहुतेक वेळा सीएनजीवाल्यांना मी परतच पाठवतो. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

घरी स्वतः बसवता येतात का?

हाताला सवय असेल, जोडीला कोणीतरी असेल आणि साहित्य पूर्ण असेल तर येतात. साहित्य म्हणजे जॅक, दोन भक्कम घोड्या, स्प्रिंग कंप्रेसर, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, टॉर्क रेंच. विटांवर गाडी उभी करून काम करणाऱ्यांनी हे उत्तर वाचू नये.

आधी सगळ्यात धोक्याची गोष्ट. पुढच्या स्ट्रटच्या माथ्यावर मधोमध एक मोठा नट असतो. स्प्रिंग कंप्रेसरमध्ये दाबून मोकळी झाल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही. आत दबलेल्या स्प्रिंगचा जोर दोनशे किलोच्या घरात असतो आणि नट सुटला की माउंट बंदुकीच्या गोळीसारखं वर येतं. हे मी घाबरवायला लिहीत नाही. या कामात हात मोडतात ते इथेच.

पुढची बाजू अशी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडी उचलून घोड्यांवर ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या क्लिपमधून सोडवा. नकल, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो लोखंडी भाग, मागे झुकला की ती वायर ताणून तुटते, आणि मग डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तुमची रात्र खराब करतो. स्टॅबिलायझरची लिंक काढा. नकलचे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेची खूण खडूने किंवा रंगाने करून ठेवा. नकल सोडल्यावर बाहेर फार ओढू नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत स्ट्रट नकलच्या कानात घट्ट बसलेला असतो. तिथे कान फाकवायचं खास हत्यार लागतं, हातोड्याने मारून तो निघत नाही. नकल मात्र खराब होतो.

वरचे नट काढून स्ट्रट बाहेर आला, की स्प्रिंगला समोरासमोर दोन कंप्रेसर लावा आणि दोन्हीला आळीपाळीने थोडं थोडं आवळा. स्प्रिंग बशीत सैल हलू लागली, की मगच मधला नट. उघडलंच आहे तर वरचं बेअरिंग आणि माउंट हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर नवीन टाका. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक बशीतल्या खाचेला टेकलं पाहिजे, आणि बहुतेक स्प्रिंगांवरची छापील अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत. उलटी अक्षरं म्हणजे उलटी स्प्रिंग. शॉकअपच्या दांड्याला पक्कड लावू नका. एक ओरखडा पडला की सील फाटतं आणि महिनाभरात तेल गळतं.

मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, असेल तर काम सोपं. बीमखाली जॅक द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, जॅक हळूहळू खाली घ्या, स्प्रिंग हातात येते. फक्त ब्रेकच्या पाइपवर बीमचा भार येऊ देऊ नका.

बुशमधून जाणारे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हे बऱ्याच गॅरेजांतही पाळलं जात नाही, कारण लिफ्टवर आवळणं सोयीचं पडतं. टॉर्कचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधले घ्या. कंपनीने एकदाच वापरायचे सांगितलेले बोल्ट नवीनच टाका.

दोघांना पहिल्यांदा करताना पूर्ण दिवस लागतो. आम्हाला चार-पाच तास.

अलाइनमेंट लगेच करायची की नंतर?

दोन्ही. बसवल्यावर लगेच टो बघून घ्या, कारण उंची बदलली की टायरॉडचा कोन बदलतो आणि चाकं आत किंवा बाहेर बघू लागतात. टायर खातो तो टो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, अर्धा-एक अंश उणे झाला तर टायरची आतली कड जरा जास्त झिजते, एवढंच. पण टो चुकला तर तीन-चार हजार किलोमीटरमध्ये नवा टायर आतून गुळगुळीत होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मग पाचशे किलोमीटर चालवा. नव्या स्प्रिंगा काही मिलिमीटर बसतात. त्यानंतर पक्की अलाइनमेंट. मागच्या टॉर्शन बीमचे कोन बहुतेक गाड्यांत बदलता येत नाहीत, म्हणून "मागचंही करून द्या" म्हणून आमच्याशी वाद घालू नका. हेडलाइटचा झोत मात्र सांगून तपासून घ्या, तो विसरला जातो.

आमच्याकडे काळी माती आहे, रस्त्याला लाटा आहेत. त्याचं काय?

परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली, सगळीकडचे लोक हे विचारतात. आणि प्रश्न अगदी योग्य आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगा हात जाईल एवढ्या. त्यावरचा रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. खड्डे बुजवले तरी लाटा राहतात. मूळ गाडी अशा लांब लाटेवर होडीसारखी डुलते, पण बुडत नाही. लो केलेल्या गाडीचं तसं नाही: साठच्या पुढे वेग गेला, की लाटेच्या तळाशी स्प्रिंगची जागा संपते आणि धाडकन रबर लागतं. खड्डा तरी दिसतो, लाट दिसत नाही. रात्री तर मुळीच नाही.

दुसरं म्हणजे पावसाळ्यात शेतापर्यंत गाडी नेणारे. काळी माती चाकाला थराथराने चिकटते आणि मडगार्डच्या आत जाऊन बसते. आधी चार बोटं जागा होती, आता दोन. चिखल टायरला घासू लागला की आतलं प्लास्टिक फाटतं. शेत असेल आणि गाडी एकच असेल, तर लोअरिंग करू नका. हे मी गिऱ्हाईक घालवून सांगतो आहे.

उन्हाने स्प्रिंगा बसतात का?

नाही. आपल्याकडच्या ४३-४४ अंशांचं पोलादाला काहीच वाटत नाही. शॉकअपमधलं तेल पातळ होतं आणि रबर लवकर कडक होतं, पण ते सगळ्याच गाड्यांचं.

कायद्याने चालतं का?

गोलमोल बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आरसीवर स्प्रिंगच्या उंचीचा रकाना नसतो, म्हणून "यात काय अडचण" असं बरेच दुकानदार म्हणतात. रकाना नाही म्हणजे परवानगी आहे, असं मी म्हणणार नाही. जोखीम तुमची आहे, ती समजून घ्या. करण्याआधी आरटीओत विचारून घेतलंत तर उत्तमच.

विमा आणि वॉरंटी?

विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा. न कळवलेला बदल सर्वेअरला दिसला तर दाव्यावर वाद होतो, आणि गाडी खाली बसलेली दिसायला सर्वेअरला चष्मा लागत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर सस्पेन्शनच्या तक्रारीवर शोरूम हात वर करेल हे धरून चाला.

बसवल्यावर वळताना टकटक आवाज येतो.

स्प्रिंगचं टोक खाचेत नीट बसलेलं नाही किंवा वरचं बेअरिंग गेलं आहे. ब्रेकरवर आवाज येत असेल तर स्टॅबिलायझरच्या लिंकचा नट बघा. निम्म्या वेळा तो हातानेच आवळून सोडलेला असतो. आमच्याकडूनही एकदा सुटला होता. गाडी पाचोडवरून परत आली आणि आम्ही चहा पाजून आवळून दिला.

लो केली, आता त्रास होतोय. वेढ्यांत रबरी बफर टाकून थोडी उंच करता येईल?

वर्षाला चार-पाच जण तरी यासाठी येतात. आधी खाली करायला पैसे, मग वर करायला पैसे. बफर टाकला की ते वेढे दबायचे बंद होतात, बाकीच्या वेढ्यांवर ताण जातो आणि गाडी आणखी टणक होते. मूळ स्प्रिंगा परत टाका, तेच बरं.

मग जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊ नयेत?

अजिबात नाही. चारही स्प्रिंगांना पुढची डावी, पुढची उजवी अशी चिठ्ठी तारेने बांधा, गंज लागू नये म्हणून जुनं ऑइल चोळा आणि पोत्यात घालून माळ्यावर टाका. बंप स्टॉप, रबरी बशा, काढलेले नटबोल्ट त्याच पोत्यात. गाडी विकताना गिऱ्हाईक मूळ स्प्रिंगा मागतंच, आणि चिठ्ठी नसेल तर कोणती कुठली हे ओळखण्यात आमची अर्धी दुपार जाते. तिचे पैसे आम्ही लावतो.